दूरच्या भुकेसाठी

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, देवानं आवाज दिला होता आणि थट्टा दिली होती. बाकीचं द्यायचं बहुतेक राहूनच गेलं. ते गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले की पलीकडच्या आळीतला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून एकोणीसचा पाढा पुरा करायचा, असं लोक सांगायचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. कोरेगावहून एसटीनं अर्धा तास, एवढं पुरे. तिथं अजून आमची माणसं आहेत आणि या वयात सांगलीत विश्रामबागेत बसून कुणाशी भांडण उकरून काढायची मला हौस नाही. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं बावीस, आणि वरच्या अंगाला कौलारू चर्च. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. अजूनही माझ्या तोंडात तेच येतं. नात म्हणते, "आजी, चर्च म्हण ना." मी म्हणते, तू म्हण, तुझं तोंड नवं आहे.

आमच्या दोन खोल्या देवळाच्या मागेच होत्या. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. परातीतला तो धप धप धप, मग तव्यावर पाण्याचा हात फिरवल्याची चर्र, आणि मध्येच पत्र्याच्या डब्यात दाणे पडल्यासारखा एक बारीक आवाज. तो देवाच्या मुठीचा. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे देवळाला येणाऱ्या घरांतल्या, सगळ्या बायका रोजच्या रांध्याला तांदूळ किंवा ज्वारी काढली की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायच्या. दादा जेवायला बसले की भाकरी उजेडाला धरून म्हणायचे, "आज देवाची मूठ मोठी झाली वाटतं, भाकरीतून मला खिडकी दिसतेय." आई म्हणायची, "खिडकी दिसत असेल तर बंद करून या, वारा येतोय." रविवारी मटण, तेही पाव किलोच, पण रस्सा घरभर पुरायचा. एरवी वाघ्या घेवड्याची आमटी. त्या भागातला तो पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा. आईनं रात्री भिजत घातला की सकाळी त्याचे पट्टे फिके पडलेले असायचे आणि मला लहानपणी त्याचं फार वाईट वाटायचं. आता सांगलीत तोच घेवडा मॉलमध्ये पाकिटात मिळतो, पट्टे तसेच असतात, चव मात्र कुठं गेली कुणास ठाऊक.

वर्षातला मोठा दिवस नाताळ, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडं खरा दणका उपकारस्तुतीच्या सणाचा. सुगी झाली की प्रत्येकानं आपल्या शेतातलं, परड्यातलं, नसेल त्यानं बाजारातलं काहीतरी आणून वेदीपुढं मांडायचं. ज्वारीची पोती, उसाच्या मोळ्या, भोपळे, आलं, शेवंतीच्या परड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, अंड्यांच्या टोपल्या, शिवाय बायकांनी वर्षभर साठवलेली मूठ. उपासना झाली की तिथंच लिलाव. आणि लिलावाची आमची एक रीत होती, की बोली जिंकलेल्या माणसानं पैसे भरायचे आणि वस्तू पुन्हा देवाला द्यायची. मग ती पुन्हा पुकारली जायची. एकच अंडं चार-चार वेळा विकलं जायचं आणि शेवटी ज्याच्या हातात राहील तो घरी नेऊन पोळी करून खायचा. पुकारायला अर्थातच दादा. "ही कोंबडी रविवारी अंडं घालत नाही, शब्बाथ पाळते, बोला." "डॅनिअल, तुझ्या बायकोनं पिकवलेली वांगी तूच घेणार, मग पाटी डोक्यावर घेऊन आलास कशाला?" लोक हसायचे आणि हसता हसता बोली वाढवायचे. आता आमच्या इथल्या मंडळीतही लिलाव होतो, पण माईकवर. शिवाय कुणाचा तरी पुतण्या दुबईहून मोबाइलवर भोपळ्याची बोली लावतो. तो जिंकतो आणि भोपळा आम्ही खातो.

मी आठवीत असतानाच्या सुगीत आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांना मुंबईहून एक पत्र आलं आणि त्यासोबत एक मोठं चित्र. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात दुष्काळ पडला होता. चित्रात एक मूल होतं. ते चित्र मी वर्णन करून सांगणार नाही, तसली चित्रं सगळ्यांनी बघितलेली आहेत. पाळकसाहेब साधे गृहस्थ होते, स्वतः दोन सदऱ्यांत वर्ष काढायचे. ते व्यासपीठावर बोलता बोलता रडले. म्हणाले, यंदाचं सगळं अर्पण तिकडच्या भुकेल्यांसाठी, एक दाणाही आपल्या मंडळीसाठी ठेवायचा नाही. सगळ्यांनी हात वर करून आमेन म्हटलं. देवळाचं छप्पर गळत होतं आणि त्या वर्षीचा लिलाव कौलांसाठी ठरलेला होता, तरी म्हटलं. मला याचा अजूनही अभिमान वाटतो. त्या दुपारी माझ्या घशाखाली घास उतरेना. आई म्हणाली, "खा. तू उपाशी राहून त्याचं पोट भरत नाही."

पण मला कुठं चैन पडतं. आमच्या रविवारच्या शाळेत नवं माणूस देवळात आणलं की वहीत एक चांदणी चिकटवायचे, आणि माझ्या वहीत त्या वर्षी एकही नव्हती. मी गावभर सांगत सुटले. दुकानदाराला, पोस्टमनला, बसस्टँडवरच्या पानवाल्याला, भेटेल त्याला, की रविवारी या, भुकेल्यांसाठी आमचा सण आहे. बहुतेकांनी "बघू की" म्हणून वाटेला लावलं.

ओढ्यापलीकडं विहिरीजवळ त्या दिवसांत एक पाल होतं. माणदेशातल्या धनगरांचं. तिकडं त्या साली पाऊस नावालाच झाला. आमच्याकडं कालव्याचं पाणी होतं म्हणून आमची पोती भरलेली, आणि तीस मैलांवर पूर्वेला ढोरांना प्यायला पाणी नाही. पालात दोघीच होत्या, बायडाक्का आणि तिची सून रखमा. बायडाक्काचा नवरा आणि मुलगा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरले होते. रखमाचे दिवस भरत आलेले म्हणून या दोघी मागं राहिल्या. मी विहिरीवर पाण्याला जायची तेव्हा बायडाक्काची आणि माझी ओळख झाली. लय मिश्कील बाई. माझं नाव कृपा, तर ती मला 'किरपाबाय' म्हणायची. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या देवाला बोकड चालतो का गं?" मी म्हटलं, नाही. "कोंबडं?" नाही. "मग बिचारा खातो काय?" मी हे घरी सांगितलं तेव्हा दादा दोन दिवस हसत होते.

तिनं मला त्यांच्या जगण्याची रीतही सांगितली होती. शेतकऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीनं रान पिकतं, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. "आमी मागून खात न्हाई," ती म्हणायची. "मेंढरं बसवतो, तवा जुंधळं घेतो." पण आता मेंढरं कोकणात होती आणि धान्य द्यायला कुणाचं काही अडलं नव्हतं. आसपास मजुरीला बाहेरून आलेले एवढे लोक होते की तिला कुणी रोजानं बोलवत नव्हतं. हे मला तेव्हा असं मांडून कळलं नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की पालापुढची चूल भर दुपारी गार आहे. विचारलं तर म्हणाली, "आज उपास." दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, "आक्का, तुमचा देव रोजच उपास सांगतो का?" ती म्हणाली, "यंदा सांगतोय खरं." आत रखमा बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. मुलगी झाली होती. मला बघायला दिली. मूठभर जीव होता, केस मात्र भरपूर. ती स्तनाला तोंड लावायची, सोडायची, पुन्हा लावायची आणि कुरकुरायची.

आईला जाऊन सांगावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज साठीच्या पुढं गेल्यावर मी स्वतःला विचारते, कसं आलं नाही? डोक्यात सण होता आणि चांदणी होती, दुसरं काय. मी म्हटलं, "आक्का, रविवारी आमच्या देवळात या. तिथं धान्य, भाजी, सगळं देवापुढं मांडतात. भुकेल्यांसाठी असतं."

"मागायचं न्हाई आमी, किरपाबाय."

"मागायचं नाहीच. देवापुढं मांडलेलंच असतं."

ती जरा विचार करून म्हणाली, "व्हय, आमच्या बिरोबाच्या जत्रंतबी तसंच. देवापुढं मांडलं की ते कुनाचं न्हाई. सगळ्यास्नी सारखं वाटायचं. त्यात लाज न्हाई. यीन मी."

ती आली. घंटा व्हायच्या आधीच आली. हिरवं लुगडं धुऊन नेसलेली, केसांना पाणी लावून चापून बसवलेले, वहाणा दाराबाहेर सोडलेल्या. बायकांच्या बाजूला अगदी मागं सतरंजीवर बसली. मांडीवर एक घडी घातलेली पिशवी होती, खताच्या पोत्याची शिवलेली, धुतलेली. मी पुढून वळून वळून बघत होते. आम्ही उभे राहिलो की ती उभी राही, आम्ही बसलो की बसे, प्रार्थनेला तिनं डोळे मिटले. दोन तास. वेदीपुढं यंदा नेहमीपेक्षा जास्त माल होता, माणसं खरंच मनापासून द्यायला आली होती. आणि भिंतीवर ते चित्र. पाळकसाहेबांनी पुन्हा सांगितलं, "हे सर्व भुकेल्यांसाठी आहे." बायडाक्कानं मान डोलावली, ती मी पाहिली.

मग दादा बाह्या सरसावून उभे राहिले. पहिल्या कोंबडीलाच त्यांनी देऊळ हसवलं. अंडी झाली, आलं झालं, उसाची मोळी तीनदा फिरली. बायडाक्का सगळं बघत होती. तिला काय कळत होतं कोण जाणे. जो उभा राहून ओरडतो त्याला मिळतं, एवढंच बहुधा. मग डॅनिअलकाकांनी आणलेलं ज्वारीचं पोतं पुढं ओढलं गेलं. डॅनिअलकाका म्हणजे आमच्यातले बरे शेतकरी, पंच कमिटीचे मुख्य, पिठाची गिरणी असलेले. दादांनी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर दाणे वर धरले आणि म्हणाले, "मोत्यासारखी ज्वारी आहे. कुणाला पाहिजे, उठा."

ती उठली. सतरंज्यांच्या मधल्या वाटेनं सरळ चालत पुढं आली आणि पोत्यापाशी थांबून तिनं दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

दादांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलेली बोकडाची गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण ती बाई ही, हे ठाऊक नव्हतं. त्यांची जीभ तापलेली होती, समोरचं देऊळ हसायला टपलेलं होतं. ते म्हणाले, "आक्का, पिशवी नंतर उघडा, आधी कनवटी उघडा. किती रुपये बोलता?"

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. लोक सगळ्यांनाच हसायचे, डॅनिअलकाकांना तर दर वर्षी. तिनं मागं वळून बसलेल्या माणसांकडं पाहिलं, मग पोत्याकडं. पिशवी अजून तशीच उघडी.

"पैसं?" ती म्हणाली. "मला सांगितलं भुकेल्यास्नी हाय."

हसू थांबलं. दादांच्या ओंजळीतले दाणे हळूहळू गळत होते, तेवढाच आवाज. पाळकसाहेब उठले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "भुकेल्यांसाठीच आहे, बाई. पण तिकडच्या." आणि त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवलं.

बायडाक्कानं चित्राकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. म्हणाली, "आवं, ते तर लय वाळलंय." तिला त्या पोराची खरोखर दया आली होती. हे मी शपथेवर सांगते, तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता.

मग कुणी म्हणालं, द्या तिला दोन पायल्या, काय बिघडतं. दुसरं कुणी म्हणालं, देवाला एकदा वाहिलेलं आपल्या मनानं कसं फिरवायचं, मंडळीनं ठराव केलाय. डॅनिअलकाका मनानं चांगले. त्यांनी उठून मोठी बोली लावली, पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आता पोतं माझं झालं. घे बाई, मी तुला दान दिलं. साहेब, प्रार्थना करा हिच्यासाठी."

"दान नगं," ती म्हणाली. तेवढंच. पिशवीची घडी घातली, वेदीला हात जोडले, आणि आल्या वाटेनं गेली. दाराशी तिला वहाणा सापडायला वेळ लागला, सगळ्यांच्या वहाणांत मिसळल्या होत्या. ती शोधत होती आणि आम्ही सगळे तिची पाठ बघत बसलो होतो. मी उठले नाही.

आणि मग लिलाव पुढं चालू झाला. हे लिहायला मला लाज वाटते, पण झालं तसंच. भोपळा विकला गेला, शेवंती विकली गेली. दादा पुकारत होते, थट्टा मात्र करत नव्हते.

घरी आल्यावर आईनं विचारलं, तिला बोलावलं कुणी? मी सांगितलं. मला वाटलं मारेल. तिनं मारलं नाही. तिनं मला पालातलं सगळं विचारून घेतलं, बाळंतीण कितव्या दिवसाची, दूध येतं का, चूल पेटते का. दादा भिंतीकडं तोंड करून बसले होते. "मी कनवटी म्हणालो," एवढंच ते दोनदा म्हणाले. सोमवारी सकाळी ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आठवडाभरासाठी साताऱ्याला गेले, आणि आईनं आमच्याच डब्यांतून ज्वारी, घेवडा, गुळाचा खडा, थोडा डिंक आणि आळीव काढून बांधलं. आमचं पंधरा दिवसांचं जवळजवळ सगळं होतं ते. आम्ही दोघी पालावर गेलो.

आई बोलायला हुशार. ती 'घ्या' म्हणालीच नाही. बाळंतिणीला बघायला आले, असं म्हणाली. आमच्यात रिकाम्या हातानं बाळ बघत नाहीत, असं म्हणाली. बायडाक्कानं गाठोड्याकडं पाहिलं, रखमाकडं पाहिलं. रखमा त्या गुळाकडं अशी बघत होती की मी मान फिरवली. बायडाक्का आत गेली आणि एक घोंगडी घेऊन बाहेर आली. काळी, जाड, काठाला दोन बोटं पांढरी. नीट घडी घातलेली. "हे घ्या, तवाच ते ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या रानात मेंढरं न्हाई बसवली. फुकट न्हाई घेत."

आई म्हणाली, "तुम्हाला लागेल की."

"हायत आमच्याकडं. चार हायत."

आई क्षणभर घुटमळली. मला आठवतं, तिनं हात पुढं केला, मागं घेतला, मग घेतली. वाटेत ती मला म्हणाली, "घेतली नसती तर तिनं दाणा ठेवून घेतला नसता, कृपे. माणसाचा मान राखावा लागतो." मला तेव्हा वाटलं, माझी आई सगळ्या मंडळीपेक्षा शहाणी आहे. मला तर अजूनही तसंच वाटतं, आणि तेच तर सोसत नाही. घरी आईनं घोंगडी घडी न मोडता ट्रंकेवर ठेवली. पांघरायला काढली नाही, तिला ते बरं वाटेना. त्या आठवड्यात मी दोनदा म्हटलं की पालावर जाऊन येऊया, तर म्हणाली, "थांब जरा. आपण रोज गेलो तर ती रोज काहीतरी काढून देईल, आणि तिच्याकडं द्यायला आहे काय?"

त्याच आठवड्यात थंडी पडली. महाबळेश्वरात दंव गोठल्याची बातमी रेडिओवर आली. आमच्याकडं घेवड्याचे उरलेले वेल एका रात्रीत काळे पडले. आम्ही दारं लावून, चुलीपाशी, वाकळा अंगावर घेऊन बसायचो.

इथं मला थोडं थांबू द्या. पुढं मी नर्स झाले, मिरजेला शिकले, सांगलीत चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. वजनानं कमी असलेलं बाळ गारठलं की ते रडत नाही. रडायलाही अंगात ऊब लागते. ते शांत होतं, आईला वाटतं झोपलं. मी किती बायांना बाळ उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यायला शिकवलं, त्याची गणती नाही. वॉर्डातल्या पोरी मला मागं 'घोंगडी सिस्टर' म्हणायच्या, कारण डिसेंबर आला की मी कुणालाच पातळ चादरीवर घरी जाऊ द्यायची नाही. भांडायची, डॉक्टरांशीसुद्धा. त्यांना वाटायचं म्हातारीला खूळ आहे.

आणि दुसरंही सांगते. दर सुगीला मी अजून तिकडच्या भुकेसाठी पैसे देते. आता फोनवरून जातात. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताई, आधी घरचं बघावं, मग जगाचं. मला त्याचा राग येतो. असं म्हणणारे घरचंही बघत नाहीत, हे मी आयुष्यभर बघत आले. ते चित्रातलं पोर खोटं नव्हतं. पाळकसाहेबांचं रडणं खोटं नव्हतं. डॅनिअलकाकांचा हातही मोकळा होता. आईनं तर घरातले डबे रिकामे केले. मग चुकलं कुणाचं, हे मी रात्रंदिवस शोधलं, आणि एकटी मीच सापडते, तीही चौदा वर्षांची. तिला मी काय शिक्षा करू?

शनिवारी दुपारी दादा साताऱ्याहून आले. येताना कंदी पेढे आणले होते, पालातल्या बाळंतिणीला द्यायला म्हणून. पिशवी ठेवता ठेवता त्यांना ट्रंकेवर घोंगडी दिसली. आईनं सगळं सांगितलं. त्यांनी उचलून झटकली आणि घडी मोडली. आतल्या अंगाला एका कोपऱ्यात पांढुरके, कडक झालेले डाग होते. दादांनी तो कोपरा नाकाशी नेला. मग आईच्या हातात दिला. आईनंही वास घेतला. दूध सांडलेलं होतं ते. पालात चार घोंगड्या नव्हत्याच. होती ती ही, बाळ-बाळंतिणीच्या अंगावरची.

आई तशीच निघाली, पायात चप्पल न घालता. मी मागून धावले. दादा उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. त्या बाईसमोर उभं राहायचं त्यांना धैर्य होईना, असं ते पुढं कितीतरी वर्षांनी म्हणाले.

बायडाक्का पालाबाहेर बसली होती. चूल पेटलेली होती आणि तव्यावर आमच्या ज्वारीची भाकरी फुगत होती. आत रखमा पडून होती, भिंतीला तोंड करावं तसं पालाच्या कापडाकडं तोंड करून. छातीवर लुगड्याचा पदर आवळून बांधला होता. बाळाची झोळी टांगलेली नव्हती. मी झोळी शोधत राहिले.

आईनं घोंगडी पुढं धरली. "आक्का, ही घ्या. मला ठाऊक नव्हतं. देवाची शपथ, मला ठाऊक नव्हतं."

"ऱ्हाऊ द्या तुमालाच," बायडाक्का म्हणाली. "जुंधळं घेतलंय आमी तिच्यापायी." तिनं भाकरी उलथली. "परवा पहाटं गार पडली. रडली बी न्हाई. आमाला वाटलं निजली."

आई तिथंच मातीत बसली, घोंगडी मांडीवर घेऊन. बायडाक्कानं तिच्याकडं पाहिलं, आणि तिलाच समजवावं तसं, अगदी हळू म्हणाली, "तुमी रडू नगा, बाई. जुंधळं चांगलं हाय तुमचं. कालपासनं सुनंला दूध लय आलंय."